दगडाचा सांधा आणि हाडाचा सांधा

परभणी जिल्ह्यांतील चारठाणा येथील हेमाडपंती देवळें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस त्या बांधणीचें मर्म ठाऊक असेल. चुन्याचा आधार न घेतां घडीव दगड एकमेकांत असे बसवावयाचे, कीं सांधा हलूं नये. ज्या हेमाद्रीचें नांव या पद्धतीस मिळालें, तो देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा तेराव्या शतकांतील मंत्री. त्यानेंच वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत असतें.

त्या 'अष्टांगहृदयां'त दुसऱ्या एका बांधणीची, म्हणजे मानवी देहाची, मोजदाद आहे. धन्वंतरीच्या मतें देहांत सांधे २१०; आत्रेयाच्या मतें २०००! वाग्भटानें दोन्ही आंकडे शेजारीं ठेविले आहेत. सुश्रुतसंहितेंत २१० चा हिशेब मिळतो: हातापायांत ६८, धडांत ५९, मानेपासून वर ८३. केवळ पोथीवर विसंबूं नये, शव गवतांत गुंडाळून सात रात्रीं वाहत्या पाण्यांत ठेवावें आणि मग कुंचल्यानें थर काढीत अवयव डोळ्यांनीं पाहावे, असेंही सुश्रुत सांगतो.

सांध्यांचे त्यानें आठ प्रकार केले, आणि कित्येकांस नांवें दिलीं तीं नित्य पाहण्यांतल्या वस्तूंचीं: 'उदूखल' म्हणजे उखळ, 'समुद्ग' म्हणजे डबी, 'तुन्नसेवनी' म्हणजे शिवण, 'वायसतुंड' म्हणजे कावळ्याची चोच. चल व स्थिर असा भेदही त्यानें केला. परंतु आकारावरून वर्ग पाडल्यामुळें जांघेचा सांधा आणि दांत एकाच उखळांत पडले. मांडी चहूंकडे फिरते. दांत तसा फिरूं लागला, तर तो पडावयाचाच!

आजचें शारीरशास्त्र सांध्याची घडण पाहतें, आणि त्याबरोबर विचारतें: तो किती व कोणत्या दिशेनें हलतो? कवटीच्या शिवणी अचल. मणक्यांमधील कूर्चेचे सांधे अल्पचल. बोटांचीं पेरें बिजागरीसारखीं एकाच दिशेनें मिटतात. खांद्याची खोबण उथळ, म्हणून हात सर्वत्र फिरतो, पण निखळतोही लौकर. खुब्याची खोबण खोल, म्हणून तेथें फिरणें कमी व स्थैर्य अधिक.

सांध्यावरील कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण होतें तें भोंवतालच्या वंगणासारख्या द्रवानें, आणि हालचालीच्या दाबानेंच तो तिच्यांत खेळतो. म्हणूनच फार दिवस जखडून ठेविलेला गुडघा आखडतो. दुखतें म्हणून आजीबाईंस जागचें उठूंच न देणाऱ्या प्रेमळ घरांनीं हें लक्षांत घ्यावें, आणि किती चालावें हें डॉक्टरांस विचारावें. चारठाण्याचा सांधा न हलल्यानें टिकला. देहाचा हलता ठेवल्यानें टिकतो.