मोंढ्याचा अंमल

निजामाच्या अमदानीत बीड जिल्ह्यातील कास्तकाराला सरकारचा अंमल वसुलीच्या मोसमापुरता जाणवे. मोंढ्यातल्या सावकार-आडत्याचा मात्र बारमाही असे, कारण पेरणीचे बियाणे, मीठ, लुगडे आणि लेकीच्या लग्नाची रक्कम ज्या पेढीवरून उचलायची, त्याच पेढीवर सुगीचा कापूस आणि ज्वारी नेऊन घालण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

सौद्याची रीत पाहण्यासारखी होती. आडत्या आणि खरीददार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो धनी शेजारी उभा राहून केवळ त्या रुमालाची हालचाल न्याहाळी. मग पट्टीतून आडत, हमाली, तोलाई आणि धर्मादाय वजा होई. दानाचे पुण्य तेवढे पेढीच्या नावे जमा! मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालना-परभणीवरून गेला आणि बीड शहर आडबाजूला राहिले, त्यामुळे दूरच्या पेठेतील भावाची खबर ज्याच्याकडे, त्याचेच पारडे जड झाले.

हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये, आणि पुढे महाराष्ट्राने १९६३ मध्ये, शेतमालाच्या बाजाराचे कायदे केले. रुमाल जाऊन उघड लिलाव आले, परंतु आगाऊ रकमेचे बंधन कलमांनी तुटले नाही. आजही दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोद्याकडची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ती फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामाच्या खाती चढते.