परसांतील कोंबड्या



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें राजे उभे राहतात, लढाया उभ्या राहतात, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. तीस वर्षें मींहि शाळेंत हाच इतिहास शिकविला. निवृत्त झाल्यावर घरामागील परसांत पांच कोंबड्या व एक कोंबडा आणून ठेवला, आणि तेव्हांपासून मला वाटूं लागलें कीं, आपल्या क्रमिक पुस्तकांत ज्याला एक ओळहि मिळाली नाहीं असा एक फार जुना इतिहास रोज पहांटे माझ्या दारीं आरवत असतो. त्याविषयीं आज चार शब्द सांगावे असा विचार आहे.

प्रथम या मंडळींचा दिनक्रम सांगतों. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटायचें राहत नाहीं, ही म्हण ज्यानें केली त्यानें घरीं कोंबडीं पाळलेलीं असलीं पाहिजेत. कारण डालग्याखालीं झांकलेला कोंबडाहि आपली वेळ चुकवीत नाहीं, हें मीं स्वतः पाहिलें आहे. उजाडल्यावर खुराड्याचें दार उघडावयाचें, मूठ-दोन मुठी कणी टाकावयाची, आणि पाण्याचें पसरट भांडें धुऊन भरावयाचें, एवढेंच माझें काम. पुढें दिवसभर त्या आपलें पोट आपणच भरतात. पाचोळ्याखालील किडे, वाळवी, गवताचें बीं, भाजीचीं देठें, कांहींच वायां जात नाहीं. दुपारीं आंब्याखालच्या मऊ मातींत खळगा करून त्या धुळीनें स्नान करतात. त्या योगें पिसांतील उवा झडून जातात. आणि दिवेलागणीला कोणीं हांक न मारतां एकीमागून एक खुराड्यांत शिरतात. मला फक्त मुंगसाच्या भीतीनें दाराची कडी पुन्हां एकदां पाहावी लागते.

या लहानशा कुटुंबांतहि मानपान आहे. दाण्यावर पहिली चोंच कोणीं मारावयाची, वरच्या दांडीवर कोणीं बसावयाचें, हें ठरलेलें असतें. आणि जी हा क्रम मोडील तिला टोंच खावी लागते. थोर्लेफ श्येल्डेरूप-एब्बे नांवाचा एक नॉर्वेजियन मनुष्य लहानपणापासून घरच्या कोंबड्यांच्या या टोंचाटोंचीची नोंद ठेवीत असे. १९२१ च्या सुमारास त्यानें आपलीं निरीक्षणें शास्त्रज्ञांपुढें मांडलीं, आणि प्राण्यांच्या समाजांतील श्रेष्ठ-कनिष्ठ क्रमाचा अभ्यास तेथून सुरू झाला. परसांतील कोंबड्या शास्त्राला उपयोगी पडतात त्या अशा.

आतां या कोंबडीचें मूळ कोठें आहे तें पाहूं. तांबडा रानकोंबडा हा तिचा पूर्वज, हें डार्विनसाहेबांनीं १८६८ च्या आपल्या ग्रंथांत सांगितलें होतें. २०२० सालीं शेंकडों कोंबड्यांचीं अनुवंशद्रव्यें ताडून पाहण्यांत आलीं, तेव्हां तिचे सर्वांत जवळचे आप्त नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार, म्हणजे आपला जुना ब्रह्मदेश, या भागांत निघाले. मात्र पिवळ्या कातडीचा गुण तिला तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून आपल्या दक्षिण हिंदुस्थानांतील करड्या रानकोंबड्याकडून आला आहे, असें २००८ सालीं सिद्ध झालें. हा करडा रानकोंबडा आजहि सह्याद्रीच्या रानांत आरवतो. अर्थात् पिवळ्या कातडीची कोंबडी जगांत कोठेंहि असो, तिच्या अंगीं आमच्या बाजूच्या सोयऱ्यांचा थोडा अंश आहेच.

ती माणसाकडे आली कशी? पूर्वीं हें श्रेय सिंधु संस्कृतीकडे जात असे, व काळहि बराच मागें नेला जाई. २०२२ सालीं संशोधकांनीं ८९ देशांतील सहाशेंहून अधिक स्थळांचा पुरावा पुन्हां तपासला. त्यांत पाळीव कोंबडीचीं निश्चित म्हणतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें मध्य थायलंडांतील बान नोन वाट येथलीं ठरलीं. त्यांचा काळ इसवी सनापूर्वीं १६५० ते १२५० असा आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, माणसानें रान तोडून भात व राळ्यासारखें धान्य पेरलें, खळीं घातलीं, आणि सांडलेल्या दाण्याच्या ओढीनें रानकोंबडीं माणसाच्या दारीं आलीं. तिला कोणीं पकडून आणण्याच्या अगोदर ती आपण होऊन आली होती. सकाळीं माझ्या हातांत कणीचा डबा पाहून या सहाहि जणांची जी धांव सुटते ती पाहिली म्हणजे या सिद्धान्ताला निराळा पुरावा नको, असें मला वाटतें.

आपल्या देशांत ती गांवची रहिवासी होऊन किती काळ लोटला, याच्या खुणा वाङ्मयांत व शिलालेखांत सांपडतात. सम्राट् अशोकानें राज्याभिषेकास २६ वर्षें झाल्यावर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत अनेक प्राण्यांना अभय दिलें आहे; त्यांतच कोंबडे खच्ची करूं नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. ज्या गोष्टीला राजाज्ञेनें मनाई करावी लागते ती लोकांत चालू असली पाहिजे, हें उघड आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांना वर्ज्य पदार्थ सांगतांना ‘ग्रामकुक्कुट’ असा शब्द आला आहे. गांवांत कोंबडा नसता तर ‘ग्राम’ हें पद जोडण्याचें कारण पडलें नसतें. पाणिनीनें ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत या तीन मात्रा सांगण्यासाठीं उकारच कां घेतला, याचें उत्तर जुने शास्त्री देतात कीं, कोंबड्याच्या आरवण्यांत हे तिन्ही उकार क्रमानें ऐकूं येतात. एके काळीं वैयाकरणांनाहि पहांटे शेजारचा कोंबडा ऐकूं येत असला पाहिजे.

परंतु राजे आणि शास्त्री यांच्यापेक्षां या पक्ष्याचा खरा संबंध घरच्या बाईशीं आहे, आणि तो मात्र कोणीं लिहून ठेवला नाहीं. माझें बालपण रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत गेलें. भाताचा पैसा वडिलांच्या हातीं येई व त्यांच्याच हातानें जाई. अंड्यांचा पैसा मात्र आईचा. मीठ, काडेपेटी, साबण, मुलांच्या पाट्या-पेन्सिली हें सारें त्या पैशांतून येई, आणि त्याचा हिशेब वडिलांनीं कधीं विचारला नाहीं. शालान्त परीक्षेची फी भरण्याची वेळ आली त्या वर्षीं भात पडलें होतें. आईनें तीन तलंगा बाजारांत नेऊन विकल्या व पैसे माझ्या हातावर ठेवले. मी कांहींसा खट्टू झालों, तेव्हां ती म्हणाली, “फी भर रे. कोंबड्या काय, पावसाळ्यानंतर पुन्हां होतील.” पुढें मी मास्तर झालों तो त्या तीन तलंगांच्या जोरावर.

“पुन्हां होतील” हें ती इतक्या खात्रीनें म्हणूं शकली, त्याचें कारण खुडूक कोंबडी. कांहीं अंडीं घालून झालीं म्हणजे गांवठी कोंबडी खुडूक होते. पिसें फुलवून एका जागीं बसते, खाणेंपिणें सोडते, हात लावला तर चोंच मारते. मग आई टोपलींत पेंढा घालून अकरा किंवा तेरा अंडीं मांडी व तिला रवणावर बसवी. सातव्या-आठव्या रात्रीं एकेक अंडें दिव्याच्या उजेडासमोर धरून पोकळ निघेल तें काढून टाकी. एकविसाव्या दिवशीं टोपलींतून चिवचिव ऐकूं येई. भांडवल नाहीं, यंत्र नाहीं, कर्ज नाहीं. कोंबडीच कोंबडीला जन्म देई आणि आईचा खजिना पुन्हां भरे.

परंतु ज्याला रोज अंडें हवें त्याला हें खुडूक होणें म्हणजे नुकसान. तीन आठवडे बसण्यांत गेले, पुढें पिलांच्या मागें आणखी कांहीं आठवडे गेले. तेवढे दिवस अंडें नाहीं. रानकोंबडी वर्षाकाठीं दहा-पंधरा अंडीं घालते, आमची गांवठी पन्नास-साठ. याहून अधिक हवीं असतील तर उबविण्याचें काम तिच्याकडून काढून घेतलें पाहिजे, ही युक्ति फार जुनी आहे. मिसर देशांत मातीच्या विटांच्या भट्ट्यांतून हजारों अंडीं एकदम उबवीत असत, आणि उष्णता बरोबर आहे कीं नाहीं हें तेथील कारागीर अंडें पापणीला लावून ओळखीत. ती विद्या युरोपांत आणण्यासाठीं रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७४९ सालीं ग्रंथ लिहिला. १८७९ सालीं कॅलिफोर्नियांतील पेटालूमा येथें लायमन बाइस यानें चालणारें उबवणी यंत्र तयार केलें, आणि त्यानंतर खुडूक होणारी कोंबडी वंशांतून वगळण्याचा क्रम सुरू झाला. लेगहॉर्न जातीची पांढरी कोंबडी बहुधा खुडूक होतच नाहीं. आजची संकरित कोंबडी वर्षाला तीनशेंवर अंडीं देते. परंतु त्यांतून पिलूं काढणें तिला ठाऊक नाहीं.

दुसरा फेरा अमेरिकेंतील एका बाईच्या परसांतूनच सुरू झाला, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा. १९२३ सालीं डेलावेअर संस्थानांतील सीलिया स्टील या बाईंनीं अंड्यांकरितां ५० पिलें मागविलीं. चुकून ५०० आलीं. त्यांनीं तीं परत न करतां वाढविलीं आणि मांसासाठीं विकलीं. नफा इतका झाला कीं, १९२६ पर्यंत त्यांच्याकडे दहा हजार कोंबड्यांचें घर उभें राहिलें. त्याच सुमारास ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागला होता. तें खाद्यांत मिसळलें म्हणजे कोंबडीला उन्हाचीहि गरज उरली नाहीं. ऊन, माती, खुडूक बसणें, एकामागून एक सर्व सुटलें, आणि परसांतील पक्षी कारखान्यांत गेला.

आपल्याकडे हें परिवर्तन उशिरा पण झपाट्यानें झालें. आमच्या कोंबड्यांचा मोठा वैरी म्हणजे मानमोडी. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊंतील राणीखेत येथें ती ओळखली गेली, म्हणून तिला राणीखेत रोग असें नांव पडलें. जवळच्याच मुक्तेश्वर येथील सरकारी संस्थेनें तिच्यावर लस काढली, आणि मोठे कळप पाळणें शक्य झालें. पुढें १९७१ मध्यें व्यंकटेश्वर हॅचरीज ही संस्था निघाली व १९८२ सालीं अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली. अंडें स्वस्त झालें, गरिबाच्या ताटांत आलें. हा लाभ लहान नाहीं, आणि तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु त्याच वेळीं गांवच्या बाजारांत आईच्या अंड्यांना कारखान्याच्या अंड्यांशीं सामना करावा लागला, हेंहि खरें.

या इतिहासांतील एक दिवस मला विसरतां येत नाहीं. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची हिंदुस्थानांतील पहिली साथ जाहीर झाली. कोंबड्या लाखांनीं मारण्यांत आल्या. मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या घरांतील चार-दोन कोंबड्याहि गेल्या. तो हुकूम चुकीचा होता असें मी म्हणत नाहीं. रोग माणसाच्या जिवावर उठणारा होता, आणि सरकारनें भरपाईहि दिली. तरी वर्तमानपत्र वाचतांना मला त्या तीन तलंगा आठवल्या. पोल्ट्रीवाल्याला नवीं पिलें विकत आणतां येतात. ज्या बाईचीं अंडीं, कोंबडी आणि टोपली एकदमच गेली, तिनें “पुन्हां होतील” हें कोणाच्या जोरावर म्हणावें?

म्हणून २०१९ च्या पशुगणनेचे आंकडे पाहून मला समाधान झालें. त्या वर्षीं देशांत सुमारें ८५ कोटी १८ लक्ष कोंबड्या व तत्सम पक्षी होते, आणि त्यांपैकीं ३१ कोटी ७० लक्ष परसांतील होते. इतकेंच नव्हे, तर २०१२ च्या मानानें परसांतील संख्या शेंकडा ४५ हून अधिक वाढली होती. ज्याला आपण संपलें असें म्हणत होतों तें संपलेलें नाहीं.

माझ्या पांचांपैकीं तीन संकरित आहेत, दोन गांवठी. गेल्या मार्गशीर्षांत गांवठींतील एक खुडूक झाली. अंडीं बंद होतील म्हणून तिला उठवावें असें माझ्या मनांत होतें. जुने लोक त्यासाठीं कोंबडीला पाण्यांत बुडवीत. पण घरांतून उत्तर आलें, “अहो, बसवा तिला. अंडीं दुकानांत मिळतात, बसणारी कोंबडी कोठें मिळणार?” अकरा अंडीं मांडलीं, आठ पिलें निघालीं. दोन घारीनें नेलीं, सहा वांचलीं. त्यांतील दोन तलंगा, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनीं वांट्यानें पाळावयास नेल्या आहेत. त्या आतां अंड्यावर आल्या, असें त्या परवां सांगत होत्या. त्या अंड्यांचे पैसे कोठें जातात, हें मीं विचारलें नाहीं. तो पैसा त्यांचा आहे.