शाळा व महाविद्यालय यांमधील दोन वर्षे : औरंगाबादमधील उच्च माध्यमिक शिक्षणातील पर्यायांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शालेय शिक्षण संपण्यापूर्वीच विद्यार्थ्याला महाविद्यालयीन पातळीवरील विषय शिकता यावा आणि तो अभ्यास पुढे पदवीसाठी ग्राह्य धरला जावा, ही कल्पना साधारणपणे अमेरिकेशी जोडली जाते. तेथे 1955 पासून कॉलेज बोर्ड या संस्थेने 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' हा कार्यक्रम चालविला. शाळेतच प्रगत अभ्यासक्रम शिकावा, बाह्य परीक्षा द्यावी आणि पुरेसे गुण मिळाल्यास विद्यापीठाने त्याचे श्रेयांक द्यावेत, असे त्याचे स्वरूप आहे. तथापि सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात शिकणे ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात, तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. या काळात विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारातच राहिला. बदलला तो त्याच्या अभ्यासाचा हिशेब. हा बदल कसा घडला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

इंटरमीजिएटचा काळ

कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (1917-19), म्हणजे सॅडलर आयोगाने, इंटरमीजिएटचे वर्ग विद्यापीठापासून वेगळे करून स्वतंत्र इंटरमीजिएट महाविद्यालये स्थापण्याची शिफारस केली होती. हैदराबाद संस्थानात 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि त्याचे इंटरमीजिएट महाविद्यालय 1923 मध्ये औरंगाबादेत सुरू झाले. आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय हे त्याचेच पुढील रूप होय. उर्दूचे विद्वान मौलवी अब्दुल हक यांनी तेथे प्राचार्यपद भूषविले.

मॅट्रिकनंतरची इंटरची दोन वर्षे ही विद्यापीठीय शिक्षणाचा पूर्वार्ध होती. अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाची असे आणि त्यापुढील दोन वर्षांत पदवी पूर्ण होई. मात्र विषयनिवडीला भाषेची मर्यादा होती. शिक्षणाचे माध्यम उर्दू असून इंग्रजी हा अनिवार्य विषय होता. त्यामुळे मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्यास ज्ञानाकडे जाणारी वाट परक्या माध्यमातूनच काढावी लागे.

एका विद्यापीठातील अभ्यास दुसऱ्याने मान्य करण्याचे महत्त्व 1938 च्या वंदे मातरम् चळवळीत प्रकर्षाने दिसून आले. ही चळवळ उस्मानिया विद्यापीठात तसेच औरंगाबादच्या महाविद्यालयातही झाली. काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, म्हणूनच त्यांचे शिक्षण वाया गेले नाही. अभ्यासाची मान्यता ही केवळ प्रशासकीय बाब नसून विद्यार्थ्याच्या आयुष्याचा प्रश्न असतो, याचा हा पुरावा आहे.

पूर्व-पदवी व बहुउद्देशीय शाळा

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षण आयोगाने (1952-53), म्हणजे मुदलियार आयोगाने, इंटरमीजिएट मोडीत काढून त्याचे एक वर्ष शाळेला व एक वर्ष पदवीला जोडण्याचे सुचविले. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला व गृहविज्ञान असे सात विषयगट असलेल्या बहुउद्देशीय शाळांची कल्पनाही याच आयोगाची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच नागसेनवनात मिलिंद बहुउद्देशीय विद्यालयही उभे राहिले. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा विद्यार्थ्यांसाठी शाळा व महाविद्यालय एकाच परिसरात असणे हाच एक मोठा पर्याय होता.

23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. या काळात इंटरची जागा एक वर्षाच्या पूर्व-पदवी वर्गाने व तीन वर्षांच्या पदवीने घेतली. हे एक वर्ष नावाप्रमाणेच पदवीच्या बाहेरचे होते; परंतु परीक्षा विद्यापीठाचीच राहिली.

दहा अधिक दोन

कोठारी आयोगाने (1964-66) सध्याच्या आकृतिबंधाचा पाया घातला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मराठी शिक्षणतज्ज्ञ होते. आयोगाच्या दोन शिफारशी येथे महत्त्वाच्या आहेत. शालेय विषयांचे सामान्य व प्रगत असे दोन स्तर असावेत आणि त्याची सुरुवात गणित, विज्ञान व भाषा यांपासून व्हावी, ही पहिली. उच्च माध्यमिक स्तरावरील सुमारे निम्मे विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत, ही दुसरी.

महाराष्ट्रात 1975 मध्ये नवी दहावीची परीक्षा झाली, अकरावीचे वर्ग सुरू झाले आणि 1977 मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. अनेक ठिकाणी हे वर्ग वरिष्ठ महाविद्यालयांना जोडून 'कनिष्ठ महाविद्यालय' म्हणून चालविले गेले. येथेच या इतिहासातील मुख्य विसंगती निर्माण झाली. इंटरचा विद्यार्थी पदवीच्या आत होता. पूर्व-पदवीचा विद्यार्थी पदवीबाहेर, पण विद्यापीठात होता. बारावीचा विद्यार्थी विद्यापीठाच्याही बाहेर गेला आणि महाविद्यालयाच्या इमारतीत मात्र राहिला. ग्रंथालय व प्रयोगशाळा शेजारी असूनही त्याच्या अभ्यासाचा पदवीशी असलेला हिशेब तुटला.

कोठारी आयोगाच्या दोन शिफारशींपैकी प्रगत स्तराची शिफारस बाजूला पडली. व्यवसाय शिक्षणाच्या दिशेने 1978-79 पासून द्विलक्षी अभ्यासक्रम आले. त्यात दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र यांसारखा 200 गुणांचा व्यावसायिक विषय घेता येई. 1988-89 पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रमही सुरू झाले. परंतु निम्म्या विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट दूरच राहिले. पुढे अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश परीक्षांनी विषयनिवडीचा ताबा घेतला. शिकवणी वर्गांशी संधान बांधलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील अनुपस्थिती रोखण्यासाठी 2018 मध्ये शासनाला विज्ञान शाखेकरिता बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. पर्याय कागदावर वाढले, पण निवड संकुचित झाली.

श्रेयांकांची नवी चौकट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर 2021 मध्ये श्रेयांक बँक व 2023 मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा अस्तित्वात आला. या आराखड्याने शालेय वर्षालाही 1200 तासांमागे 40 श्रेयांक मोजले आहेत. मात्र बारावीचा स्तर 4 व पदवीच्या प्रथम वर्षाचा स्तर 4.5 असा ठरविला असल्याने बारावीचे श्रेयांक आपोआप पदवीत मिळत नाहीत. प्रगत अभ्यासक्रमासाठी मंडळ व विद्यापीठ यांच्यात स्वतंत्र समझोता आवश्यक ठरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक आकृतिबंधाने विषयांची यादी वाढविली; परंतु शिकलेल्या विषयाला पुढे मान्यता देणारी व्यवस्था क्रमाक्रमाने मागे घेतली. ज्या महाविद्यालयांत कनिष्ठ व वरिष्ठ विभाग एकत्र नांदतात, तेथे बारावीच्या इच्छुक विद्यार्थ्यास प्रथम वर्षाचा एखादा विषय शिकू देणे, त्याची परीक्षा विद्यापीठाने घेणे व श्रेयांक जमा करणे यासाठी नवी इमारत लागणार नाही. मात्र ही सोय केवळ शुल्क भरू शकणाऱ्यांपुरती राहिली, तर शिकवणी वर्गांनी निर्माण केलेली विषमता विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी कायम होईल. नागसेनवनात शाळा व महाविद्यालय शेजारी उभारण्यामागे जो विचार होता, तोच या नव्या व्यवस्थेचाही निकष असला पाहिजे : पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती वापरता येते की नाही?