देवभात आणि लोंबीला धरून राहिलेला दाणा



आज भाताविषयी बोलूया. तुम्ही म्हणाल, कवठे महांकाळात भात कुठं पिकतोय? आपला तालुका शाळू-बाजरीचा आणि द्राक्षांचा. भाताची खाचरं बघायची तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिराळ्याकडं जावं लागतं. पण तांदूळ आपल्या प्रत्येकीच्या घरात शिजतो. आणि रानातलं गवत माणसाचं अन्न कसं झालं, हे भाताकडून जितकं नीट कळतं तितकं फार थोड्या पिकांकडून कळतं.

सुरुवात ऋषिपंचमीपासून करू. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, ही रीत आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. नांगरटीचं धान्य चालत नाही, म्हणून परसातल्या भाज्या घालून ऋषीची भाजी करतात. कोकणात आणि विदर्भात काही ठिकाणी या दिवसासाठी आणखी एक वस्तू जपून ठेवतात, ती म्हणजे देवभात. तळ्याच्या काठाला, डबक्यात, पाणथळ जागी तो आपला आपण उगवतो. त्याला कुणी नांगरत नाही, कुणी पेरत नाही. व्रताची कथा कुणी मानो वा न मानो, या रितीनं एक फार जुनी आठवण जपली आहे. नांगर यायच्या आधीही माणसं भात खात होती, आणि तो पाण्यातून गोळा करून आणत होती.

हा देवभात म्हणजे रानभात. आपल्या शेतातल्या भाताचे पूर्वज याच रानभातांतले. दोघांना शेजारी ठेवलं तर फरक लगेच दिसतो. रानभाताच्या दाण्याला लांब कुसळ असतं, तूस काळपट असतं, आतला तांदूळ बहुधा लाल असतो. पण सगळ्यात मोठा फरक हात लावल्यावर कळतो. पिकलेल्या रानभाताच्या लोंबीला धक्का लागला की दाणे टपाटप पाण्यात गळतात. शेतातल्या भाताचे दाणे मात्र लोंबीला धरून राहतात. ते काढायला झोडपावं लागतं.

रानात गळून पडणं हाच शहाणपणा आहे. दाणा गळला, चिखलात रुजला, तरच पुढची पिढी उगवणार. म्हणून दाणा पिकला की त्याच्या देठाशी पेशींचा एक पातळ थर सुटतो आणि दाणा मोकळा होतो. हा थर बनवायची सूचना रोपाच्या बीजातच लिहिलेली असते. अशा सूचनेला जनुक म्हणतात. आईचं नाक लेकीला येतं, ते जनुकांमुळंच. रानभाताकडून त्याच्या बीला गळण्याची सवय येते, तीही तशीच.

2006 साली शास्त्रज्ञांनी भातातलं गळण्याचं एक मुख्य जनुक शोधून काढलं. रानभातात आणि शेतातल्या भातात त्या जनुकाच्या लिखाणात महत्त्वाचा फरक निघाला तो फक्त एका अक्षराचा. तेवढ्यानं देठाचा थर अर्धवट राहतो आणि दाणा लोंबी सोडत नाही. त्याच वर्षी तांदळाच्या लाल रंगाचं जनुकही सापडलं. आपल्या बहुतेक पांढऱ्या तांदळांत त्या जनुकातली 14 अक्षरं गळालेली आहेत. आपल्या ताटातला पांढरा भात हा असा एका जुन्या चुकीचा वारस आहे. निसर्गाच्या लिखाणात अशा चुका सारख्या होत असतात. त्यातली कोणती टिकते, हे पुढं काय घडतं त्यावर ठरतं.

आता विचार करा. पाण्यात रानभात पिकलाय. टोपली धरून लोंब्या झोडपल्या, तर सहज गळणारे दाणेच टोपलीत पडतात. पण विळ्यानं लोंब्या कापून घरी आणल्या, तर गळणारे दाणे वाटेतच पाण्यात पडतात आणि धरून राहिलेले घरी येतात. त्यातलेच दाणे पुढच्या वर्षी नव्या जागी पेरले, की न गळणाऱ्या रोपांची संख्या थोडी वाढते. पुढच्या वर्षी आणखी थोडी. यात कुणी ठरवून शोध लावला नाही. कापायचं, राखायचं, पेरायचं, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं.

हे किती सावकाश घडलं, याचा हिशोब चीनमधल्या तियानलुओशान या गावठाणात मिळाला. तिथल्या चिखलात हजारो वर्षांपूर्वीचे भाताचे अवशेष टिकले होते. दाण्याच्या बुडाशी देठाची खूण बघून तो आपोआप गळला होता की झोडपून काढला होता, हे ओळखता येतं. सुमारे 6900 वर्षांपूर्वी न गळणाऱ्या दाण्यांचं प्रमाण शेकडा 27 होतं. 300 वर्षांनी ते शेकडा 39 झालं. म्हणजे दहा-बारा पिढ्या राबल्या तेव्हा शंभरातले बारा दाणे बदलले. तोवर ती माणसं रानातली फळं आणि तळ्यातले शिंगाडेही गोळा करून खातच होती.

आपल्या देशातही भाताचा इतिहास जुना आहे. उत्तर प्रदेशात लहुरादेवा इथं तळ्याकाठच्या वस्तीत फार प्राचीन भाताचे अवशेष मिळाले आहेत. पुढं चीनकडचा भात आणि आपल्याकडचा भात यांचा संकर झाला, आणि त्यातून आपल्याकडच्या आजच्या अनेक जाती आल्या, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

ही निवड संपलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम शिकलेले, थोड्या जमिनीचे शेतकरी. 1983 साली त्यांना आपल्या भातात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षं निवडत राहिले. त्यातून बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ आला. त्या काळच्या गाजलेल्या घड्याळावरून त्याला ते नाव पडलं. 2018 साली दादाजी गेले, पण त्यांचा तांदूळ आजही दुकानात मिळतो. आपली शाळूची मालदांडीही अशीच गावरान वाणातून मोहोळच्या केंद्रावर निवडलेली आहे.

आणि रानभात? आता त्याचं काय काम, असं वाटेल. 1970 च्या सुमारास आशियात भाताची रोपं खुरटवणारा एक विषाणू पसरला. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत हजारो नमुने तपासले गेले. टिकाव धरला तो उत्तर प्रदेशातून गेलेल्या एका रानभातानं. त्याचा गुण नव्या जातींत उतरवला आणि पीक वाचलं. ज्या डबक्यात तो उगवला होता ते आधीच बुजवलं असतं, तर तो गुण कुठून आणला असता?

मैत्रिणींनो, म्हणून हे सगळं सांगितलं. बी आपोआप टिकत नाही. न गळणारा दाणा स्वतःहून रुजायला मातीत पडू शकत नाही, त्याला पेरणारा हात लागतो. जे बी एक-दोन हंगाम कुणी पेरलं नाही, ते गावातून जातं, आणि हजारो वर्षांची निवडही त्याच्याबरोबर जाते. आपल्याकडं हे बी निवडायचं, पाखडायचं आणि राखेत घोळून ठेवायचं काम बहुतेक घरांत बायकाच करत आल्या. कागदावर मात्र शेतकरी म्हणून नाव पुरुषाचं लागतं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त कंपनीचं नाव छापून विकता येत नाही. एक ध्यानात ठेवा, संकरित बियाण्याचं राखलेलं बी पुढच्या वर्षी सारखं उगवत नाही. राखायचं ते गावरान किंवा सरळ वाणाचं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीबरोबर प्रत्येकीनं घरातलं एक गावरान बी मूठभर आणा. शाळू असो, हुलगा, मटकी, नाहीतर परसातला घेवडा. कुणाकडून आलं, किती वर्षं पेरताय, हे वहीत लिहू आणि एकमेकींना वाटून घेऊ. एकीच्या घरात कीड लागली तरी दुसरीच्या घरात ते बी शिल्लक राहील.