मणक्याचे फ्रॅक्चर: संगणकावरील मॉडेल काय सांगते?

कल्याण-शीळ रस्त्यावर रिक्षा खड्ड्यात आपटते आणि मागे बसलेल्या आजींच्या कमरेत कळ येते. घरी बाम लावला जातो, शेक दिला जातो. "उसण भरली असेल" असे म्हणत दोन-तीन आठवडे जातात. दुखणे थांबत नाही म्हणून एक्स-रे काढला जातो, तेव्हा मणका दबलेला दिसतो. मणक्याची निम्म्याहून अधिक फ्रॅक्चर्स वेळेवर लक्षातच येत नाहीत. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीचा एक मणका मोडला, तर वर्षभरात दुसरा मोडण्याची शक्यता सुमारे पाचात एक असते. म्हणून पहिले फ्रॅक्चर ओळखणे महत्त्वाचे आहे.

एकाच खड्ड्यातून गेलेल्या दोन माणसांपैकी एकाचा मणका का मोडतो आणि दुसऱ्याचा का नाही? जिवंत माणसावर याचा प्रयोग करता येत नाही. त्यामुळे संशोधक संगणकावर मणक्याची प्रतिकृती, म्हणजेच मॉडेल, तयार करून त्यावर भार टाकून पाहतात.

मणका मोडतो कसा?

मणक्याचा पुढचा भाग डब्यासारखा असतो. बाहेर हाडाचे पातळ कवच आणि आत स्पंजासारखी जाळी असते. ही जाळी विरळ झाली की ताकद झपाट्याने कमी होते, कारण जाळीदार हाडाची ताकद साधारणपणे घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. घनता एक तृतीयांशाने घटली, तर ताकद निम्म्याहूनही कमी उरते.

आता भाराचा विचार करा. तुम्ही वाकून १५ किलोची पाण्याची बादली उचलता. बादली कण्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर पुढे असते, तर पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात. केवळ बादली तोलण्यासाठी स्नायूंना आठपट, म्हणजे १२० किलोइतका जोर लावावा लागतो. तो सगळा जोर मणक्यांवर दाब म्हणून येतो. बादलीचे आणि धडाचे वजन त्यात वेगळे मिळवायचे.

फ्रॅक्चर सर्वाधिक आढळते ते छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका या भागात. वरचा कणा बरगड्यांच्या पिंजऱ्यामुळे ताठ असतो आणि खालचा लवचिक. या सांध्यावरच ताण एकवटतो.

संगणकावर मणका कसा तयार होतो?

या पद्धतीला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. पूल आणि विमाने यांच्या अभियांत्रिकीतून ती वैद्यकात आली. हाडांसाठी तिचा वापर १९७२ पासून होऊ लागला. तिचे टप्पे असे:

१. रुग्णाचा सीटी स्कॅन घेतात आणि त्यातून मणक्याचा आकार वेगळा काढतात.
२. त्या आकाराचे हजारो, कधी लाखो लहान तुकडे पाडतात.
३. सीटीमधील करड्या छटेवरून प्रत्येक तुकड्यातील हाडाची घनता काढतात. त्यावरून तो तुकडा किती कडक आणि किती मजबूत आहे हे ठरते.
४. चकती, अस्थिबंध आणि स्नायू यांचा परिणाम गणितात धरतात.
५. वरून भार टाकतात. तो सरळ, पुढे वाकून, पिळून किंवा एकदम आपटून टाकता येतो.
६. कोणत्या तुकड्यावर किती ताण आला आणि मणका किती भाराला मोडेल, हे संगणक सांगतो.

याच पद्धतीने कृत्रिम सांधे, स्क्रू आणि प्लेट यांचीही चाचणी होते. ठाण्याच्या शेजारी पवईला आयआयटी मुंबईत हाडे आणि कृत्रिम सांधे यांवर असे काम चालते. मोटार अपघातात शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी टोयोटाने २००० साली संपूर्ण मानवी शरीराचे संगणकीय मॉडेल आणले.

या अभ्यासातून काय समजले?

*वेग महत्त्वाचा.* भार हळू आला तर चकतीतील पाणी थोडे सरकते आणि भार वाटला जातो. तो क्षणात आला तर तेवढा वेळच मिळत नाही. चकतीचा गाभा मणक्यात घुसतो, हाड फुटते आणि तुकडे मागे मज्जारज्जूकडे सरकू शकतात. उंचावरून पडल्यावर किंवा गाडीतून पडल्यावर अशी फ्रॅक्चर्स होतात.

*बसण्याची जागा महत्त्वाची.* गतिरोधकावरून बस उडाल्यामुळे मणका मोडल्याच्या घटना तुर्कस्तानातील डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. बसची शेवटची सीट मागच्या चाकांच्याही मागे असल्याने तिथे धक्का मोठा बसतो.

*सिमेंट जास्त म्हणजे चांगले असे नाही.* दबलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरण्याचा उपचार केला जातो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासात मणक्याच्या आकारमानाच्या सुमारे १५ टक्के सिमेंटनेच मूळचा ताठपणा परत येतो असे दिसले. सिमेंट जास्त झाले तर मणका गरजेपेक्षा ताठ होतो आणि शेजारच्या मणक्यांवरील भार बदलतो.

मॉडेल खरे कशावरून?

देहदानातून मिळालेल्या मणक्यांचे आधी सीटी काढतात, मग ते यंत्रात दाबून मोडतात. प्रत्यक्ष मोडण्याचा भार आणि संगणकाने सांगितलेला भार जुळतो का, हे पाहतात. हे जुळवून पाहिल्याशिवाय मॉडेलवर विश्वास ठेवता येत नाही. डोंबिवलीचे दधीची देहदान मंडळ देहदानाचा प्रसार करते. देहदानाचा उपयोग विद्यार्थ्यांच्या शिक्षणापुरताच आहे असे अनेकांना वाटते, पण असे संशोधनही देहदानावरच उभे असते.

मॉडेलला मर्यादाही आहेत. तुमचे स्नायू किती दमलेले आहेत, तुम्ही कसे पडाल, तोल जाताना हात टेकाल की नाही, हे संगणकाला ठाऊक नसते. उपचारांबाबतही मॉडेलचे उत्तर अंतिम नसते. सिमेंटच्या उपचाराची खोट्या उपचाराशी तुलना करणारे दोन अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील रुग्णांचे दुखणे जवळपास सारखेच कमी झाले होते.

तुम्हाला याचा उपयोग काय?

सीटीवरून मणक्याची ताकद मोजण्याची चाचणी काही देशांत उपलब्ध आहे. तिच्यात स्त्रियांमध्ये ४५०० न्यूटन, म्हणजे साधारण ४६० किलो, आणि पुरुषांमध्ये ६५०० न्यूटन किंवा त्याहून कमी ताकद आढळली तर हाड ठिसूळ मानतात. आपल्याकडे रोजच्या निदानासाठी डेक्सा तपासणीच वापरतात. तिचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मात्र किरकोळ धक्क्याने मणका मोडला असेल, तर टी-स्कोअर चांगला असला तरी हाडे कमकुवत समजून उपचार करावे लागतात.

एक गोष्ट आजही करता येईल. मूतखडा किंवा पोटदुखीसाठी तुमचा सीटी कधी काढला असेल, तर त्यात कमरेचे मणकेही टिपलेले असतात. त्याची सीडी किंवा फिल्म जपून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा, "यात मणका दबलेला दिसतो का? हाडाची घनता कमी वाटते का?" कमरेच्या पहिल्या मणक्याचा सीटीवरील आकडा १०० च्या खाली असेल, तर बहुधा डेक्सा करण्याचा सल्ला मिळेल. शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटीत हा आकडा थोडा वाढतो, हे डॉक्टर लक्षात घेतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

- पन्नाशीनंतर धक्का बसून, वाकून किंवा वजन उचलून अचानक पाठ दुखू लागली तर
- उंची ४ सेंटिमीटर किंवा अधिक कमी झाली, किंवा पाठीला बाक आला तर
- तीन महिन्यांहून अधिक काळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील आणि पाठ दुखत असेल तर
- पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी, थेट रुग्णालयात

कोणी पडले तर

लोकलमधून, जिन्यावरून किंवा दुचाकीवरून पडलेल्या माणसाला दोघांनी हात-पाय धरून उचलू नका. त्यामुळे कणा मधोमध वाकतो आणि मोडलेल्या हाडाचे तुकडे मज्जारज्जूला इजा करू शकतात. रुळावर किंवा वाहत्या रस्त्यावर जिवाला धोका नसेल, तर त्याला तसेच पडू द्या, मान स्थिर धरा आणि १०८ वर फोन करा. हलवावेच लागले तर तिघा-चौघांनी डोके, धड आणि पाय एका रेषेत ठेवून फळीवर घ्या. टाचेवर पडलेल्या माणसाची टाच मोडली असेल, तर कणाही तपासून घ्या. ही दोन फ्रॅक्चर्स बरेचदा एकत्र आढळतात.

रोजच्यासाठी

बादली अर्धीच भरा, गुडघे वाकवा आणि वजन अंगाजवळ धरा. वयस्कर व्यक्तीला बसमध्ये पुढच्या बाजूची जागा द्या आणि रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगा. मणका एकदा मोडला असेल, तर दुखणे थांबल्यावरही हाडे मजबूत करणारी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.