अंजीर आणि काळीज

वीस वर्षे मी मुलांच्या वह्यांवर तांबडी पेन्सिल चालवीत आलो आहे. एकदा एका मुलाने निबंधात लिहिले, 'बा गेला तवा आईचं काळीज फाटलं.' मी ते खोडले आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिले, 'पिता निवर्तल्यावर मातेचे हृदय विदीर्ण झाले.' पोराने खाली मान घालून ते उतरून काढले. त्या दुरुस्तीची लाज मला पुष्कळ वर्षांनी वाटली, आणि ती वाटायला लावली स्पॅनिश भाषेने.

कोठे स्पेन आणि कोठे आमची शाळा, असे वाचक म्हणतील. पण हकीकत ऐकण्यासारखी आहे.

इ. स. पूर्व 218 मध्ये रोमन फौजा स्पेनच्या भूमीवर उतरल्या. त्यांच्यामागून लॅटिन भाषा आली. ती पंडितांची कमी, शिपायांची आणि व्यापाऱ्यांची अधिक. शुद्ध लॅटिनमध्ये यकृताला 'येकुर' म्हणत. हा शब्द आणि आपला संस्कृत 'यकृत्' ही सख्खी भावंडे. परंतु रोमन खवय्यांना अंजिरे चारून पुष्ट केलेल्या जनावराचे यकृत फार प्रिय. अंजिराला ते 'फिकुस' म्हणत. म्हणून त्या पक्वान्नाचे नाव पडले 'येकुर फिकातुम'. पुढे लोकांनी 'येकुर' टाकून दिले आणि नुसते 'फिकातुम' ठेवले. त्याचेच स्पॅनिशमध्ये झाले 'इगादो'. यकृत गेले, अंजीर राहिले! आज माद्रिदचा डॉक्टरही रोग्याचा 'इगादो'च तपासतो.

इतर अवयवांचीही तीच तऱ्हा. 'प्येर्ना' म्हणजे पाय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ डुकराची तंगडी. गुडघ्याला पूर्वी 'इनोहो' म्हणत. त्याची जागा घेतली 'रोदिया'ने, म्हणजे 'लहानशा चाका'ने. आपल्याला गुडघ्यात वाटी दिसली, त्यांना चाक दिसले. मनगट आणि बाहुली या दोहोंना एकच शब्द, 'मुन्येका'. डोळा म्हणजे 'ओहो'. सुईचे नेढे आणि पुलाची कमान यांनाही 'ओहो'च म्हणतात. आपण उसाच्या कांडीवर डोळे पाहतो, तसेच हे. अंगठा 'पुल्गार', म्हणून इंच झाला 'पुल्गादा'.

आता आपले काळीज घ्या. तेही मुळात यकृतच. खाटकाकडे कलेजी मागा, यकृतच मिळेल. घरात मात्र काळीज म्हणजे माया आणि धीर. शूराला आपण वाघाच्या काळजाचा म्हणतो. स्पॅनिश माणूसही धाडसाला 'इगादो'च म्हणतो. तिकडे 'येकुर' मागे पडले, इकडे 'यकृत्' पोथीत राहिले, आणि दोन्हीकडे माणसांच्या तोंडी टिकला तो चुलीजवळचा शब्द.

म्हणजे आजचे शुद्ध स्पॅनिश हे एके काळचे अशुद्ध लॅटिन! त्या काळी माझ्यासारखा एखादा मास्तर तेथे असता, तर त्याने 'फिकातुम' खोडून 'येकुर' लिहिले असते, आणि पोरांनी ते मुकाट्याने उतरून काढले असते. पण घरी गेल्यावर ती आपल्या आईशी कोणत्या भाषेत बोलली असती?

तो मुलगा आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. त्याने आपल्या आईचे दुःख आईच्याच शब्दांत मांडले होते आणि मी ते तिच्याकडून काढून घेतले. सहामाहीच्या वह्या मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आणल्या आहेत. त्यांत कोणाचे काळीज आढळले, तर ते तसेच राहू देणार आहे.