रुपया पडला, फी तेवढीच

६ जून १९६६. त्या दिवशी तुम्ही अमेरिकेत विद्यार्थी असता, तर रातोरात गरीब झाला असता. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर सरकारी निर्णयाने साडेसात रुपयांचा झाला. २,००० डॉलरची फी भरायला वडिलांना साडेनऊ हजार रुपये लागत होते, ते आता पंधरा हजार. वडिलांचा पगार तोच, पोस्टातली ठेव तीच. यात तुमची चूक काय? काहीच नाही.

परदेशी शिकायला गेलेल्यांच्या गोष्टी आपण पदवीपाशी संपवतो. मधला पैशाचा अध्याय कुणी सांगत नाही. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबियात पोचले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे लंडनला गेले आणि मुदत संपल्यावर १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतले. सिडनॅहममध्ये शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढी जुळवाजुळव झाल्यावर १९२० साली पुन्हा लंडन गाठले. एवढ्या बुद्धीच्या माणसालासुद्धा आधार तुटल्यावर थांबावे लागले, हे लक्षात ठेवा.

त्याच काळातले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. त्यांच्यामागे महाराज नव्हते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळेल ती मजुरी करत ते शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले आणि पुढे मेक्सिकोत नावाजलेले कृषितज्ज्ञ झाले.

खानखोज्यांची ही वाट पुढे अरुंद होत गेली. १९२४ च्या कायद्याने परदेशी विद्यार्थी हा वेगळा वर्ग ठरवला. १९५२ च्या कायद्यात त्याला ‘एफ’ हे अक्षर मिळाले. यामागचा विचार सरळ होता: हा माणूस शिकायला आलाय, कमवायला नव्हे, म्हणून येतानाच त्याने पैशांची सोय दाखवावी. पण येताना दाखवलेली सोय मध्येच कोसळली तर? त्या प्रश्नावरचे उत्तर म्हणजे तीव्र आर्थिक अडचणीसाठी मिळणारी, कॅम्पसबाहेर काम करण्याची परवानगी.

आजचा नियम वाचलात तर गंमत वाटेल. अडचणीची जी उदाहरणे त्यात दिली आहेत, ती आपल्याच घरातली वाटतात. चलनाच्या दरात मोठी घसरण, शिष्यवृत्ती किंवा कॅम्पसवरची नोकरी स्वतःच्या चुकीशिवाय जाणे, फी किंवा राहणीचा खर्च बेसुमार वाढणे, पैसे पाठवणाऱ्याची परिस्थिती अचानक बदलणे, दवाखान्याचे मोठे बिल. म्हणजे १९६६ चा तो वडिलांचा हिशेब कायद्याने कारण म्हणून मान्य केलाय.

अटी मात्र आहेत. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेले हवे. संकट पहिल्याच सत्रात आले तर हा रस्ता बंद. कॅम्पसवरचे काम पुरत नाही हे दाखवावे लागते. विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी सल्लागाराची शिफारस, मग सरकारकडे अर्ज, आणि कार्ड हातात येईपर्यंत एक तासही काम करायचे नाही. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि परवानगी एकेका वर्षाची. नोकरी आधी मिळालेली असायला हवी, अशी अट मात्र नाही.

मी १९९० साली आलो. १ आणि ३ जुलै १९९१ ला, दोन टप्प्यांत, रुपया पुन्हा पाडला गेला. २१ रुपयांच्या आसपासचा डॉलर २६ च्या घरात गेला. माझा खोलीतला सोबती सांगलीकडचा. त्याने घरी कळवले, “माझं चाललंय, काळजी नको,” आणि रात्री एका हॉटेलात रोख पैशांवर भांडी घासू लागला. अर्ज करायची सोय तेव्हाही होती आणि त्याचे वर्षही भरले होते. पण सल्लागारापुढे बसून “वडिलांचे पैसे पुरत नाहीत” म्हणायचे, म्हणजे वडिलांनाच कमीपणा, असे त्याला वाटे. मलाही ते पटे. एका सत्रात तो दोन विषय नापास झाला आणि परत गेला. पदवी राहिली ती राहिलीच. मी त्याला त्या दारापर्यंत नेले नाही, हे मला आजही टोचते.

सहा वर्षांनी आशियाई चलने कोसळली. जून १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने इंडोनेशिया, दक्षिण कोरिया, मलेशिया, थायलंड आणि फिलिपिन्स या पाच देशांच्या विद्यार्थ्यांसाठी कामाचे नियम सैल केले. पुढे २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळी आणि २०२२ च्या युद्धानंतर युक्रेनी मुलांनाही अशी सवलत मिळाली. देशावर मोठे संकट आले की सरकार आपणहून दार उघडते. एकट्या घरावर आले, तर ते दार आपल्यालाच ठोठवावे लागते.

तुमच्या गावातल्या गणेशोत्सवात यंदाही नवी मुले येतील. प्रसादाचे ताट दोनदा भरून घेणारा एखादा दिसेल. त्याला पदवीचे विचारालच, पण जरा बाजूला घेऊन घरचे कसे चाललेय तेही विचारा. आणि चोरून कुठे कामाला लागण्याआधी त्याला सल्लागाराच्या खोलीपर्यंत सोबत करा.